ग्रंथालयाची वास्तू : गौरव कशाचा व्हावा?

एखादे ग्रंथालय उत्तम आहे असे आपण म्हणतो तेव्हा आपल्या मनात काय असते? बहुधा ग्रंथांची संख्या, दुर्मिळ पुस्तकांचे कपाट, सभासदांची यादी, वर्षभरातील व्याख्याने आणि ग्रंथपालाचा स्वभाव. ज्या चार भिंतींच्या आत हे सारे घडते त्या भिंती, त्यांवरचे छप्पर, खिडकीतून टेबलावर पडणारा उजेड, जिन्याच्या पायऱ्या, पिण्याच्या पाण्याची जागा यांचा विचार आपल्या मूल्यमापनात क्वचितच येतो. आला तरी इमारत स्वतःची आहे की भाड्याची, एवढ्या एका प्रश्नावर तो संपतो. ग्रंथालयाची वास्तू हाही समीक्षेचा विषय आहे आणि तिच्या गुणांची दखल घेण्याची रीत आपण अजून नीट बसवलेली नाही, हे मांडण्याचा या लेखात आमचा प्रयत्न आहे.

महाराष्ट्रात सार्वजनिक ग्रंथालयांचा कायदा १९६७ साली झाला. त्यापूर्वी मद्रासने १९४८ साली आणि हैदराबाद राज्याने १९५५ साली असे कायदे केले होते. मराठवाडा १९५६ पर्यंत हैदराबाद राज्यात होता. तेव्हा ग्रंथालय-कायद्याची ओळख मराठवाड्याच्या भूमीला उर्वरित महाराष्ट्राच्या आधी झाली, ही गोष्ट सहसा कोणी सांगत नाही. पुढे १९७० साली महाराष्ट्रात अनुदानाचे नियम आले. त्या नियमांच्या लांबलचक शीर्षकातच इमारत आणि साधनसामग्री यांसाठीच्या अनुदानाचा उल्लेख आहे. १९७२ साली कोलकात्यास स्थापन झालेले राजा राममोहन रॉय ग्रंथालय प्रतिष्ठानही इमारतीसाठी साहाय्य देते. म्हणजे ग्रंथालयाला चांगली जागा हवी आणि त्यासाठी सार्वजनिक पैसा खर्च व्हावा, हे तत्त्व आपण अर्धशतकापूर्वीच मान्य केले. पैशाचा हिशेब ठेवता येतो. त्या पैशातून उभ्या राहिलेल्या खोलीत वाचक किती वेळ सुखाने बसू शकतो, याचा हिशेब कोणी ठेवायचा, हा प्रश्न तेवढा राहून गेला.

राज्य शासन दरवर्षी उत्कृष्ट सार्वजनिक ग्रंथालयांना डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या नावाने पुरस्कार देते, आणि उत्कृष्ट कार्यकर्ते व ग्रंथालय-सेवक यांना डॉ. रंगनाथन यांच्या नावाने. शहरी आणि ग्रामीण ग्रंथालयांचा विचार वेगवेगळा होतो, हे योग्यच आहे. मुंबईच्या ग्रंथालयाशी खेड्यातल्या वाचनालयाची तुलना करण्यात न्याय नाही. हे पुरस्कार ग्रंथालयाच्या समग्र कार्याचे आहेत, वास्तुरचनेचे नव्हेत; त्याबद्दल त्यांना दोष देता येणार नाही. पण ज्यांच्या नावाने पहिला पुरस्कार आहे त्या बाबासाहेबांनी दादरच्या हिंदू कॉलनीत ‘राजगृह’ बांधले, तेव्हा ग्रंथांची सोय हा त्यामागचा एक प्रधान हेतू होता. गेल्या शतकाच्या चौथ्या दशकाच्या आरंभी उभे राहिलेले ते घर पुस्तके कोठे राहतील आणि वाचणारा कोठे बसेल याचा विचार करून बांधले गेले. त्यांच्या नावाच्या पुरस्काराशेजारी ग्रंथांच्या घराचाही एक गौरव असावा, ही अपेक्षा म्हणूनच अवाजवी वाटू नये.

इतर देशांत ही दखल कशी घेतली जाते, हे प्रथम पाहू. अमेरिकेत वास्तुविशारदांची संस्था आणि ग्रंथालय संघ यांनी मिळून १९६३ साली ग्रंथालय-इमारतींसाठी पुरस्कार सुरू केले. इमारत बांधणारे आणि ती चालवणारे अशा दोघांनी एकत्र बसून निवड करावी, ही त्यामागची कल्पना आम्हांस विशेष महत्त्वाची वाटते. एकटा वास्तुविशारद आकारावर लुब्ध होण्याची शक्यता असते, आणि एकटा ग्रंथपाल कपाटे मोजून समाधान मानण्याची. अलीकडे जागतिक ग्रंथालय महासंघाच्या वतीने वर्षातील सर्वोत्तम सार्वजनिक ग्रंथालयाची निवड होते. डेन्मार्कमधील आऱ्हुस येथील ‘डोक १’ या ग्रंथालयास २०१६ साली, हेलसिंकीच्या ‘ओडी’ला २०१९ साली, ऑस्लोच्या ग्रंथालयास २०२१ साली आणि बार्सिलोनातील गाब्रिएल गार्सिया मार्केस ग्रंथालयास २०२३ साली हा मान मिळाला. ‘ओडी’ हे फिनलंडच्या संसद-भवनासमोर उभे आहे. राष्ट्राच्या राजधानीतील सर्वांत मोलाच्या जागी वाचकाला बसवण्याचा तो निर्णय इमारतीच्या आकाराहून अधिक बोलका आहे.

तथापि या पुरस्काराची एक मर्यादा आहे. तो नव्या, किंवा नव्याने ग्रंथालय म्हणून सजवलेल्या वास्तूंसाठी आहे. नव्या वास्तूचे सारेच गोजिरे असते. तिच्या छताला अजून गळती लागलेली नसते, खुर्चीचा पाय डुगडुगत नसतो, पुस्तकांची संख्या कपाटांच्या मानाने कमी असते आणि गर्दी उद्घाटनाच्या औत्सुक्याची असते. घराची परीक्षा वास्तुशांतीच्या दिवशी होत नाही. ती पहिल्या आणि दहाव्या पावसाळ्यात होते. ग्रंथालयाला तर हे अधिकच लागू पडते, कारण ते वाढत असते. रंगनाथन यांनी १९३१ साली ग्रंथालयशास्त्राची जी पाच सूत्रे मांडली, त्यांतील शेवटचे सूत्र ग्रंथालयाच्या या वाढत्या स्वभावाविषयीच आहे. वाढीला जागा न ठेवलेली इमारत पहिल्या दिवशी कितीही देखणी दिसली तरी दहा वर्षांनी तिच्या जिन्याखाली पुस्तकांचे गठ्ठे रचलेले दिसतात.

म्हणून अमेरिकी वास्तुविशारदांच्या संस्थेची आणखी एक प्रथा आम्हांस अधिक अनुकरणीय वाटते. पंचवीस वर्षे वापरात राहून ज्या इमारतीचे गुण टिकले, अशा एका इमारतीचा ती संस्था गौरव करते. १९९७ साली हा मान एका शाळेच्या ग्रंथालयास मिळाला. न्यू हॅम्पशायर राज्यातील एक्झिटर येथे लुई कान यांनी रचलेली ही वास्तू. अहमदाबादच्या व्यवस्थापन संस्थेमुळे कान यांचे नाव आपल्याकडे परिचित आहेच. त्यांनी येथे पुस्तकांची कपाटे मधल्या कड्यात ठेवली आणि वाचकांची टेबले बाहेरच्या विटांच्या भिंतीलगत, खिडक्यांपाशी. प्रत्येक टेबलाला स्वतःची लहानशी खिडकी आणि तिला सरकती लाकडी झडप. पुस्तक काळोखातून उचलावे आणि उजेडाकडे न्यावे, अशी ही साधी मांडणी आहे. पुस्तकाला उजेड मानवत नाही, वाचकाला तो हवा असतो; या दोघांच्या परस्परविरोधी गरजा एकाच नकाशात सुटल्या आहेत. विद्यार्थ्यांच्या एका पिढीने ती टेबले वापरल्यावर हा गौरव झाला, हे त्याचे मोल.

या दृष्टीने आपल्याकडील जुन्या वास्तूंकडे पाहिले म्हणजे काही गोष्टी स्पष्ट होतात. मुंबईचा टाऊन हॉल १८३३ साली पूर्ण झाला. एशियाटिक सोसायटीचा ग्रंथसंग्रह तेथे आहे. डोरिक स्तंभांची ती भव्य ओळ आणि तिच्यापुढच्या तीस पायऱ्या यांचे छायाचित्र कोणी पाहिले नाही असे नाही. दगडी भारदस्तपणात ही वास्तू अजोड आहे. परंतु ग्रंथालय म्हणून तिची समीक्षा करायची तर त्या तीस पायऱ्यांपाशी थांबावे लागते. गुडघे दुखणाऱ्या वृद्ध अभ्यासकाला किंवा कुबडी घेतलेल्या तरुणाला त्या पायऱ्या काय सांगतात? ज्ञान उंचावर आहे आणि तेथवर चढून यावे लागेल, असेच ना? त्याच पायऱ्यांवर संध्याकाळी तरुण मुले घोळक्याने बसतात, वाचतात, गप्पा मारतात, ही मात्र शहराने त्या वास्तूला केलेली गोड दुरुस्ती आहे.

त्याच्या उलट डेव्हिड ससून ग्रंथालय. त्याचे मूळ सरकारी टांकसाळ आणि गोदी यांत काम करणाऱ्या तरुण कारागिरांनी १८४७ साली योजलेल्या संस्थेत आहे. आजची वास्तू १८७० सालची, मालाडच्या पिवळसर दगडाची, कमानींची. तिचा खरा गुण तिच्या मागच्या बागेत आणि वरच्या सज्ज्यात आहे. सज्ज्यातील लांब हातांच्या आरामखुर्च्यांत दुपारी एखादा वाचक पुस्तक छातीवर ठेवून झोपलेला दिसला तर आम्ही त्यास वास्तूचा दोष मानणार नाही. भर काळा घोडा चौकात माणसाला झोप यावी इतकी शांतता निर्माण करणे ही वास्तुकलेची करामत आहे. मधल्या काळात या इमारतीवर काँक्रीटचे सपाट छत घातले गेले होते. आभा नारायण लांबा यांच्या देखरेखीखाली झालेल्या जीर्णोद्धारात ते काढून मूळ पद्धतीचे लाकडी उतरते छत पुन्हा बसवण्यात आले आणि २०२३ साली युनेस्कोच्या आशिया-प्रशांत वारसा-जतन पुरस्कारांत या कामाचा गौरव झाला. दीडशे वर्षांच्या वापरानंतर मिळालेला हा मान आहे. छत बदलताच वास्तूचा स्वभाव बदलतो, आणि मूळ छत परत येताच तो स्वभावही परत येतो, हा धडा त्यातून घेण्यासारखा आहे.

मराठी राजवटीतील आणखी एक वास्तू येथे आठवते. सयाजीराव गायकवाडांनी १९१० साली विल्यम बॉर्डन या अमेरिकी ग्रंथालय-तज्ज्ञास बडोद्यास आणले. बडोद्याच्या मध्यवर्ती ग्रंथालयात लोखंडी कपाटांचे मजले आणि त्यांमध्ये काचेच्या जमिनी आहेत. वरचा उजेड काचेतून झिरपत खालच्या मजल्यापर्यंत यावा आणि दिव्याच्या ज्योतीची व आगीची भीती राहू नये, अशी ती योजना. तेथे शोभेसाठी काही नाही. जे आहे ते कामाचे आहे, आणि म्हणूनच ते सुंदर दिसते. पण बडोद्याची थोरवी एवढ्यावर थांबत नाही. त्याच योजनेत खेडोपाडी पुस्तकांच्या लाकडी पेट्या फिरत असत. राजधानीत काचेची जमीन आणि खेड्यात लाकडी पेटी, या दोन्ही एकाच विचाराच्या दोन वास्तू होत्या, असे आम्ही म्हणतो. पेटीलाही रचना असते. ती किती जड, किती टिकाऊ, उघडल्यावर किती पुस्तके एका नजरेत दिसतात, हे कोणीतरी ठरवावेच लागते.

ग्रंथसंग्रहाचे आयुष्य वास्तूहून मोठे असते, याचे उदाहरण आमच्या वाचकांना जवळच्या गोव्यात सापडेल. तेथील सार्वजनिक ग्रंथालय १८३२ साली स्थापन झाले. पुढे १८३४ नंतर धर्मसंघांचे मठ बंद झाले, तेव्हा त्या मठांतील ग्रंथही त्याच्या संग्रहात आले. मठाच्या जाड भिंतींतून निघालेले ते ग्रंथ अनेक स्थलांतरे सोसत आले. आज कृष्णदास शामा यांच्या नावाने ओळखले जाणारे हे मध्यवर्ती ग्रंथालय पणजीच्या पाटो भागातील बहुमजली इमारतीत आहे. ग्रंथ टिकले, वास्तू बदलत गेल्या. तेव्हा वास्तूचा गौरव करताना तिला आपल्या पाहुण्यांचे वय आपल्याहून जास्त आहे याचे भान आहे का, हेही पाहावयास हवे.

आता आपल्या काळाकडे आणि गोदावरीच्या काठाकडे वळू. कोपरगाव येथे शारदा शाळेच्या आवारात २०१८ साली माया सोमय्या ग्रंथालय उभे राहिले. समीप पाडोरा आणि त्यांचे सहकारी हे त्याचे वास्तुविशारद. पातळ विटांच्या थरांनी बांधलेली एक वक्र घुमटी जमिनीतूनच वर येते, पसरते आणि पुन्हा जमिनीत विरते. मध्ये एकही खांब नाही. स्पेनमधील कातालोनिया प्रांतात चालत आलेली आणि ग्वास्ताविनो यांनी अमेरिकेत नेलेली पातळ विटांच्या कमानीची विद्या, उरुग्वेच्या एलादियो दिएस्ते यांचे विटांचे प्रयोग आणि झुरिकच्या तंत्रसंस्थेत तयार झालेली संगणकीय आकार-गणना, या तिन्हींचा तेथे मेळ आहे. छतावर मुले चढतात, धावतात, बसतात. छत हेच क्रीडांगणाची टेकडी होते. आत कडेला, जेथे छत खाली येते, तेथे जमिनीवर बसून एकट्याने वाचण्याची जागा आहे. मध्ये, जेथे उंची मिळते, तेथे टेबले मांडून एकत्र वाचण्याची.

या वास्तूची देशापरदेशांत दखल घेतली गेली, आणि ती योग्यच होती. आमच्या मते तिचा सर्वांत मोठा गुण असा की तिने मुलाच्या मनातील ग्रंथालयाची भीती काढून टाकली. ज्या घराच्या पाठीवर आपण खेळतो त्याच्या पोटात शिरताना कोणाला भय वाटेल? वीट हे साधन आपल्या मातीतले आहे, हा दुसरा गुण. तरीही समीक्षकाचे कर्तव्य म्हणून दोन प्रश्न विचारले पाहिजेत. वक्र भिंतीला सरळ कपाट टेकत नाही. पुस्तके दुप्पट झाली तर ती कोठे जातील? आणि विटेवर वीट इतक्या नाजूकपणे बसवणारा गवंडी कोपरगावला आणता आला, तो दुसऱ्या गावी मिळेल काय? उत्तम वास्तूचे अनुकरण करता येत नसेल तर ती उत्तम असूनही एकटी राहते. या प्रश्नांची उत्तरे छायाचित्रात मिळत नाहीत. ती पंधरा-वीस वर्षांनी त्या शाळेच्या ग्रंथपालाकडे मिळतील. त्या वेळी पुन्हा एकदा तेथे जाऊन गौरव करण्याची व्यवस्था आपल्याकडे हवी.

कोपरगावच्या अगदी विरुद्ध टोकाला भिलार आहे. महाबळेश्वर तालुक्यातील हे स्ट्रॉबेरीचे गाव ४ मे २०१७ रोजी ‘पुस्तकांचं गाव’ झाले. आरंभी पंचवीस ठिकाणी मिळून सुमारे पंधरा हजार पुस्तके ठेवली गेली. नवी इमारत बांधली नाही. लोकांच्या घरांतील खोल्या, ओसऱ्या, देवळाचे आवार यांतच कपाटे मांडली. घरमालक ग्रंथपाल झाला आणि वाचक पाहुणा. वास्तुशास्त्राच्या दृष्टीने येथे काहीच नाही असे एखादा म्हणेल. आमचे मत निराळे आहे. असलेल्या घरात वाचकाची जागा शोधणे हीदेखील रचनाच होय, आणि गरीब समाजात ती अधिक उपयोगी रचना होय. अर्थात पर्यटकांच्या वाटेवरील थंड हवेच्या गावी जे जमले ते सर्वत्र जमेल असे नाही. म्हणून कसोटीसाठी आम्ही आता एक अगदी निराळे गाव घेतो.

चकलांबा हे बीड जिल्ह्याच्या गेवराई तालुक्यातील गाव. आमच्या बहुतेक वाचकांनी त्याचे नाव प्रथमच ऐकले असेल. गेवराई तालुक्याची उत्तर सीमा गोदावरी आखते. म्हणजे कोपरगावाजवळून वाहिलेले पाणीच पुढे या तालुक्याच्या अंगाने जाते. पण दोन्हीकडच्या भूमीचे नशीब वेगळे. कोपरगाव साखरपट्ट्यात येते, आणि राज्यातील साखरपट्ट्यांचा ऊस तोडण्यासाठी बीड जिल्ह्यातील हजारो कुटुंबे दसरा-दिवाळीच्या सुमारास घर सोडतात व हंगाम संपल्यावर उन्हाळ्यात परततात. अशा भागातील चकलांब्यासारख्या गावी उद्या वाचनालयाची खोली बांधायची ठरली, तर तिला उत्तम कधी म्हणावे?

पहिला प्रश्न छपराचा. मराठवाड्यात मे महिन्याच्या मध्यास सूर्य दुपारी जवळजवळ थेट डोक्यावर येतो. त्या वेळी भिंतींपेक्षा छतच अधिक तापते. काँक्रीटचा उघडा स्लॅब दिवसभर उष्णता पितो आणि संध्याकाळी, म्हणजे शेतातून आणि शाळेतून मोकळे झालेले लोक वाचायला येतात नेमक्या त्या वेळी, ती खाली सोडतो. जुन्या लोकांना हे ठाऊक होते. माळवदाची घरे जाड मातीच्या छतामुळे आणि रुंद भिंतींमुळे दुपारीही गार राहत. छतातील झरोक्यातून येणारा एक कवडसा खोलीभर मंद उजेड करी. भिंतीतील कोनाडे आणि फडताळे ही तर तयार कपाटेच. नवी खोली बांधणाऱ्याने या अनुभवाकडे पाठ फिरवू नये. परंतु येथे भाबडेपणाही उपयोगाचा नाही. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीच्या भूकंपात लातूर आणि उस्मानाबाद (आजचे धाराशिव) जिल्ह्यांत दहा हजारांच्या जवळपास माणसे गेली, ती मुख्यतः दगड-मातीच्या जड भिंती आणि मातीची जड छते अंगावर कोसळून. तेव्हा माळवदाचा गारवा घ्यावा, त्याचे ओझे घेऊ नये. दुहेरी छत, छतावर चुन्याचा पांढरा हात, पश्चिमेच्या भिंतीला झाड किंवा पडवी, आणि उष्ण हवा वर निघून जाण्यास छतालगत झडपा, एवढे साधे उपायही पुष्कळ काम करतात.

दुसरा प्रश्न जमिनीचा. मराठवाड्यातील काळी माती पावसाळ्यात फुगते आणि उन्हाळ्यात भेगाळते. पाया उथळ असेल तर दोन-तीन वर्षांत भिंतीला तडा जातो. तड्यातून वाळवी येते, आणि ती भिंतीवर थांबत नाही, कपाटात शिरते. पाया आणि जोते यांवर खर्च केलेला पैसा उद्घाटनाच्या छायाचित्रात दिसत नाही, म्हणून तोच प्रथम वाचवला जातो. पुरस्काराच्या परीक्षकाने खोलीत शिरण्याआधी जोत्याभोवती एक फेरी मारावी, अशी आमची सूचना आहे.

तिसरा प्रश्न जागेचा, आणि तो स्थापत्याहून समाजाचा अधिक आहे. वाचनालय गावाच्या कोणत्या वाटेवर आहे? एखाद्या देवळाच्या आवारात, एखाद्या पुढाऱ्याच्या वाड्यालगत, की सर्व वस्त्यांतील माणसांचे पाय जेथून सहज जातात अशा ठिकाणी? ज्याला दारातच ‘कोणाचा तू?’ असे विचारले जाईल अशी शंका वाटते, तो आत येत नाही. दार थेट पारावर उघडत असेल आणि पारावर दिवसभर पुरुष बसत असतील, तर मुली आणि स्त्रिया ते दार ओलांडणार नाहीत. नकाशावर दाराची दिशा ही पेन्सिलीची एक रेघ असते. गावात तिच्यामुळे निम्मे वाचक येतात किंवा येत नाहीत. हे ज्या रचनाकाराला कळले त्याला आम्ही मोठा वास्तुविशारद म्हणू, मग त्याच्याजवळ पदवी असो वा नसो.

चौथा प्रश्न अनुपस्थित वाचकाचा. गावातील कित्येक मुले वर्षातील जवळजवळ अर्धा काळ आईबापांबरोबर उसाच्या फडावर असतील, तर त्या काळात ग्रंथालय कोठे असावे? येथे बडोद्याची पेटी पुन्हा उपयोगी पडते. खोलीचा नकाशा काढतानाच दोन-चार अशा पेट्यांची जागा ठेवावी. हंगामात त्या टोळीबरोबर जाव्यात आणि उन्हाळ्यात भरलेल्या, मळलेल्या, वाचलेल्या परत याव्यात. जे ग्रंथालय आपल्या वाचकामागे चालत जाते त्याची वास्तू चार भिंतींत मावणारी नाही, आणि पुरस्काराच्या मोजमापाने तिलाही ओळखले पाहिजे.

रंगनाथन यांच्या सूत्रांकडे पुन्हा वळले म्हणजे दिसते की हे सारे प्रश्न त्यांतच दडलेले आहेत. पुस्तक वापरासाठी आहे, हे पहिले सूत्र. उंच, कुलूपबंद कपाटे त्याचा भंग करतात. प्रत्येक वाचकाला त्याचे पुस्तक मिळावे, हे दुसरे. ते दाराच्या दिशेशी निगडित आहे. वाचकाचा वेळ वाचावा, हे चौथे, ते मांडणीशी. भारतीय मानक संस्थेने १९६० साली ग्रंथालय-इमारतीच्या मूलभूत घटकांविषयी १५५३ क्रमांकाचे मानक प्रसिद्ध केले. म्हणजे निकष अजिबात नाहीत असेही नाही. निकष कागदावर आहेत आणि पुरस्कार व्यासपीठावर आहेत. त्या दोहोंची गाठ खोलीत बसलेल्या वाचकापाशी पडत नाही, एवढीच उणीव आहे.

ती भरून काढण्यासाठी फार मोठी यंत्रणा लागेल असे आम्हांस वाटत नाही. शासनाने किंवा एखाद्या ग्रंथालय संघाने ग्रंथालय-वास्तूसाठी एक गौरव सुरू करावा आणि त्यास तीन अटी घालाव्यात. पहिली, इमारत किमान दहा वर्षे वापरात असावी. दुसरी, निवड-समितीत वास्तुविशारद आणि ग्रंथपाल यांच्या बरोबरीने त्या ग्रंथालयाचा एक सामान्य वाचक असावा, आणि शक्य तर तो शाळकरी असावा. बसण्याची उंची आणि कपाटाची उंची यांविषयी त्याच्याइतके खरे कोणी बोलणार नाही. तिसरी, समितीने छायाचित्रांवरून निवड करू नये. तिने मे महिन्यात दुपारी तीन वाजता एकदा आणि जुलैच्या पावसात एकदा तेथे जावे, पंखा बंद असताना अर्धा तास पुस्तक हाती घेऊन बसावे, आणि मग मत द्यावे. मोठ्या शहरांतील वास्तूंचा गौरव होईलच, तो व्हावाही. ससून ग्रंथालयाचे लाकडी छत आणि कोपरगावची विटांची टेकडी ही आपली श्रीमंती आहे.

पण या तीन अटी पाळल्या गेल्या, तर एखाद्या वर्षी यादीत असेही एक नाव येईल ज्याचे छायाचित्र कोणत्याही नियतकालिकाने मुखपृष्ठावर छापले नसेल. दोन खणांची खोली, चुना दिलेले छत, पश्चिमेला लिंबाचे झाड, सर्वांच्या वाटेवरचे दार, भिंतीतील फडताळात हाताला लागतील अशी पुस्तके, आणि फडावरून परत आलेली एक पेटी. अशी खोली गेवराईकडच्या एखाद्या गावी दहा पावसाळे टिकली, तर तिच्यात उत्कृष्ट म्हणण्यासारखे काय आहे, हे समितीला कोणी समजावून सांगण्याची गरज पडणार नाही.